लोखंडाला दिलेले पाणी



मुळशी तालुक्यातील लोहाराची ओळख पूर्वी भाता, ऐरण आणि पाण्याचे कुंड या तिहींवरून होत असे. विळे, कोयते, नांगराचा फाळ, गाडीच्या चाकाची धाव ही कामे बलुत्यावर चालत. फाळ तापवून पाण्यात बुडविला की कठीण होतो. तापलेली धाव चाकावर चढवून तिजवर पाणी ओतले की ती आकसून घट्ट बसते. लोखंडाला पाणी केव्हा व किती द्यावे, हेच आपल्या पूर्वजांचे खरे शास्त्र होय.

पुढे याच तालुक्यात धरण आले. १९२१ साली सेनापती बापट प्रभृतींनी सत्याग्रह केला, तरी गावे बुडाली. त्यांजबरोबर तेथील बलुतेही बुडाले. १९२७ पासून त्या पाण्यावर भिरा येथे वीज निर्माण होऊ लागली. आज पिरंगुट परिसरात कारखाने उभे असून ज्ञातीतील तरुण ऐरणीऐवजी ड्रिल यंत्रापाशी उभे आहेत. या कामाचा आपल्या विद्येशी संबंध नाही, असे पुष्कळांस वाटते. आम्हांस ते मान्य नाही.

आट्यांचेच पाहा. आरंभी प्रत्येक कारखान्याचे आटे निराळे. एकाचा नट दुसऱ्याच्या बोल्टास बसत नसे. १८४१ साली जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज यंत्रज्ञाने ५५ अंशांच्या आट्यांचे प्रमाण सुचविले. आपल्या देशात १९५६ च्या वजनमापे कायद्यानंतर मिलिमीटरचे, ६० अंशांचे आटे रूढ होत गेले. १० मिलिमीटरच्या बोल्टास दीड मिलिमीटर अंतराचे आटे पाडावयाचे तर आधी साडेआठ मिलिमीटरचे भोक हवे. हाताने टॅप फिरविताना थोडे पुढे, किंचित मागे असे करावे, म्हणजे कीस तुटतो. यंत्रावर गती मंद ठेवावी. कीस अडकला की टॅप मोडतो, आणि भोकात मोडलेला टॅप तयार भागही वाया घालवितो.

येथेच पाणी पुन्हा येते. कापताना उष्णता होते; साध्या कार्बनी पोलादाचे हत्यार २०० अंशांपलीकडे तापले की त्याचे पाणी उतरू लागते. १८८० नंतरच्या दशकात अमेरिकेतील मिडवेल पोलाद कारखान्यात फ्रेडरिक टेलर याने कापणीच्या जागी पाण्याची मोठी धार सोडली, तेव्हा गती ३० ते ४० टक्क्यांनी वाढविता आली. नुसत्या पाण्याने गंज चढतो, म्हणून त्यात खास तेल मिसळतात. तेच दुधाळ कुलंट. भोक पाडताना त्याचे मुख्य कार्य थंड करण्याचे. आटे पाडताना मात्र वंगण अधिक मोलाचे. म्हणून पोलादास कापणीचे तेल, ॲल्युमिनियमास रॉकेल, आणि बिडास बहुधा काहीच नाही.

पूर्वजांनी पाणी देऊन धार आणली. यंत्रावरचा तरुण पाणी देऊन धार राखतो. ऐरणीशेजारचे कुंड आणि यंत्राखालची कुलंटची टाकी ही एकाच विद्येची दोन रूपे होत. तेव्हा पालकांनी मुलांच्या तेलकट हातांची लाज बाळगू नये, आणि मुलांनी केवळ कळ दाबण्यावर संतुष्ट न राहता कारण जाणून घ्यावे, एवढीच आमची विनंती.