कॅमेरा क्रेन
लांब दांड्याच्या एका टोकाला कॅमेरा व दुसऱ्या टोकाला वजने लावून कॅमेरा वर-खाली, आडवा फिरवण्याचे साधन. हलक्या प्रकाराला ‘जिमी जिब’ म्हणतात. मुंबईत दादर-परळ हा जुना स्टुडिओंचा पट्टा : रणजीत (१९२९), व्ही. शांताराम यांचे राजकमल कलामंदिर (१९४२). अशा स्टुडिओच्या सपाट फरशीवर क्रेन उभारणे सोपे. खरी कसोटी लागते ती गणेशविसर्जनाच्या चित्रीकरणात, लालबागच्या गर्दीत आणि गिरगाव चौपाटीच्या ओल्या वाळूत. वाळूत क्रेनचा पाय खचतो, म्हणून प्रत्येक पायाखाली जाड प्लायवूडची फळी घालून पाणसळीच्या बुडबुड्याने तळ समतल करतात.

सर्वांत मोठा धोका उतरवताना असतो. आधी मागची वजने काढायची, मगच कॅमेरा. क्रम उलटला तर मागची बाजू धाडकन खाली येते, रिकामे टोक उसळते आणि जवळच्या माणसाच्या जिवावर बेतते. दांड्याखाली कोणालाही उभे राहू देऊ नये; सभोवती दोरी व एक राखणदार हवाच. वीजवाहक तारांजवळ क्रेन लावू नये. भाद्रपदातला सोसाट्याचा वारा, विजांचा कडकडाट सुरू होताच दांडा खाली घ्यावा, मिरवणूक कितीही रंगात आलेली असो.