दोराचे दुसरे टोक

तळेऱ्याच्या तिठ्यावर उभे राहिले म्हणजे एक रस्ता मुंबई-गोव्याचा आणि दुसरा वैभववाडीवरून घाटावर जाणारा, असे दोन दिसतात. जवळूनच कोकण रेल्वे धावते. २६ जानेवारी १९९८ रोजी ती सबंध मार्गावर सुरू झाली, याचा आपणां सर्वांस अभिमान आहे. परंतु या मार्गाच्या बांधणीत ७४ माणसे प्राणास मुकली, हे गाडीत बसताना आपल्यापैकी किती जणांना आठवते?

या मार्गावर नव्वदाहून अधिक बोगदे आहेत आणि रत्नागिरीजवळचा पानवल नदीवरील पूल ६४ मीटर उंच आहे. म्हणजे माणूस एकीकडे डोंगराच्या पोटात तर दुसरीकडे आभाळात काम करीत होता. कठीण खडकापेक्षाही भुसभुशीत मातीने अधिक छळले. अशा मातीतील नऊ बोगद्यांनी १९ बळी घेतले. खणलेली माती पुन्हा अंगावर ढासळे.

कोंडलेल्या जागेचे भय आपल्या वाडवडिलांस ठाऊक होते. जुन्या विहिरीत उतरण्यापूर्वी ते पेटता कंदील खाली सोडीत. तो विझला की कोणी उतरत नसे. ही युक्ती अपुरी होती, कारण काही विषारी वायू दिवा जळत असतानाही माणसाला मारतात. पण तिच्यामागील विचार अचूक होता : आधी हवा पाहावी, मग माणूस उतरवावा. आजही एक जण आत पडला की दुसरा त्याला काढण्यासाठी धावतो आणि तोही पडतो. माया खरी असते, परंतु रिकाम्या हाताची माया दोन घरे बुडविते.

म्हणूनच १९४८ च्या कारखाने कायद्याच्या ३६ व्या कलमात एक साधी गोष्ट लिहिली होती. वायूचे भय असलेल्या टाकीत उतरायचे, तर जागा निर्धोक असल्याचा जाणत्याचा लेखी दाखला हवा. नाही तर उतरणाऱ्याकडे श्वासाचे साधन व कमरेला दोर हवा, आणि त्या दोराचे दुसरे टोक बाहेर उभ्या असलेल्या माणसाच्या हाती हवे. सुटकेचे सारे शास्त्र या एका वाक्यात आले, असे आम्हांस वाटते. उंचावरही तोच न्याय. पट्टा पडू देत नाही हे खरे. पण पट्ट्याला लोंबकळत राहणेही थोड्याच वेळात जिवावर बेतते. त्याला त्वरित खाली आणणारे हात तयार हवेत.

१९८९ साली राणीगंजच्या महावीर खाणीत पाणी शिरले. जसवंतसिंग गिल यांनी वरून विवर खोदवून पोलादी पिंजरा बनवविला, स्वतः त्यातून खाली उतरले आणि ६५ जणांना एकेक करून वर काढले. २०२३ साली सिलक्याऱ्याच्या बोगद्यात ४१ मजूर कोंडले. नळीतून हवा व अन्न पोचले म्हणून ते तगले. यंत्र मोडल्यावर शेवटची माती माणसांनी हातांनी उकरली आणि सतराव्या दिवशी सर्व जण बाहेर आले.

या पराक्रमांना आमचे वंदन. परंतु पिंजरा अपघातानंतर बनवावा लागला, हेही इतिहासच सांगतो. खोल खाणीत लोक तीन दिवस वाट पाहू शकले. घरामागच्या विहिरीत वा कुजक्या मासळीने भरलेल्या लाँचच्या खणात उतरलेल्याला तीन मिनिटेही मिळत नाहीत. तेव्हा आपल्या अंगणातील विहीर उपसायला उद्या कोणी आला, तर मजुरी ठरविण्याआधी एक विचारावे : दोराचे दुसरे टोक कोणाच्या हाती आहे?