झाशीतील एक आचार आणि ‘विटाळ’ या शब्दाचा अर्थ

विष्णुभट गोडसे वरसईकर १८५८ च्या आरंभी झाशीस पोहोचले, तेव्हा गंगाधरराव नेवाळकरांच्या निधनास चार वर्षे होऊन गेली होती. राजाविषयीच्या कथा मात्र गावात ताज्या होत्या. राजा मधूनमधून स्त्रीवेष घेई, बांगड्या भरी, आणि बायकांप्रमाणे महिन्यातून चार दिवस दूर बसे, असे गोडसे यांनी ‘माझा प्रवास’ या ग्रंथात नमूद केले आहे. इंग्रज अधिकाऱ्याने याविषयी विचारले असता, तुमच्या अमलात सर्वच राजांनी बांगड्या भरल्या आहेत, अशा आशयाचे उत्तर राजाने दिल्याचेही ते सांगतात.

ही साक्ष ऐकीव आहे, हे विसरता येत नाही. शिवाय चिं. वि. वैद्य यांनी १९०७ मध्ये छापलेल्या आवृत्तीत मूळ मजकुरावर संस्कार केलेले आहेत. अभ्यासकाने १९६६ ची दत्तो वामन पोतदार यांची संहिता पाहणे इष्ट. कथेच्या खरेखोटेपणाहून तिच्यातील आचार अधिक बोलका आहे. येथे रजःस्राव नाही, तरी विटाळ आहे. नाटकाचा षोक असलेल्या राजाने वेषाबरोबर विटाळही अंगावर घेतला, असे म्हणावे लागते.

हा शब्द मुळात स्त्रीदेहापुरता नव्हता. बाराव्या शतकात हेमचंद्राने अपभ्रंशाच्या विवेचनात ‘विट्टाल’ हा शब्द अस्पृश्यसंसर्गाच्या अर्थी दिला आहे. म्हणजे आधी स्पर्श, जात आणि बहिष्कार. पुढे मराठीत तो घरात शिरला आणि ऋतुस्रावाचेच नाव बनला: विटाळ येणे, विटाळ जाणे. ‘कावळा शिवणे’, ‘बाहेरची होणे’, ‘अडचण’ ही त्यावरची पांघरुणे. सोवळ्यातल्या घरात मूळ शब्द उच्चारण्याचाही विटाळ होत असावा!

दोन्ही अर्थ भाषेत शेजारी नांदले, पण त्यांची मुदत वेगळी. ऋतुमतीचा विटाळ चौथ्या दिवशी स्नानाने फिटे. महाराचा जन्मभर फिटत नसे. चौदाव्या शतकात सोयराबाईने या दोहोंची गाठ नेमकी पकडली. देहाची उत्पत्तीच विटाळातून होते, मग सोवळा कोण, हा तिचा प्रश्न स्त्री आणि महार या दोन्ही नात्यांनी विचारलेला आहे. चोखामेळ्याच्या अभंगांतही तो येतो. तिच्याकडे मात्र त्याला अंगावर सोसलेल्या दोन विटाळांचे बळ आहे.

झाशीच्या राजाचा विटाळ याहून निराळा, कारण तो स्वेच्छेचा. वाटेल तेव्हा घ्यावा, वाटेल तेव्हा टाकावा. गादीला त्याने धक्का लागला नाही. भाषेने मात्र त्याची सोय केलेली नव्हती. ‘विटाळशी’ या नामाला मराठीत पुल्लिंगी रूप नाही.