माहेरी परतलेली कागदी डेझी

ही डेझी बोटांत दाबली की कागदासारखी करकरते. आपण जिला पाकळी म्हणतो ते असतं फुलोऱ्याभोवतीचं छद, झाडावर असतानाच वाळून कडक झालेलं. हवा दमट झाली की ही छदं मिटतात, कोरडी झाली की उघडतात. खरी फुलं बारकी, मधल्या पिवळ्या चकतीत दाटलेली. कूळ सूर्यफुलाचं आणि आपल्या शेवंतीचं, माहेर ऑस्ट्रेलिया.

शास्त्राच्या दप्तरी तिची नोंद झाली ती मात्र पॅरिसजवळ. नेपोलियनची पत्नी जोसेफिन हिच्या मालमेझाँच्या बागेवर वनस्पतिशास्त्रज्ञ व्हाँतना यांनी ग्रंथ लिहिला, त्यात १८०३ साली हिचं वर्णन आलं. पुढे तिचं शास्त्रीय नाव ‘हेलिक्रायसम’ झालं, आज ते ‘झेरोक्रायसम’ आहे. युरोपला तिचं कौतुक होतं ते मेल्यावरचं: तोडून उलटी टांगली की महिनोन्‌महिने रंग धरून राहते. बर्फाच्या दिवसांत दिवाणखाना सजवायला याहून सोयीचं काय? १८५०च्या दशकात जर्मनीतल्या एर्फुर्टजवळच्या आर्नश्टाटमध्ये संकर झाले आणि सोनेरी रानफूल गुलाबी, जांभळं, तांबूस झालं. आपल्याकडे थंडीत कुंडीत लावतात ते ‘हेलिक्रायसम’ही बहुतेक याच रंगीत घराण्यातलं.

माहेरी मात्र तिला विचारत कोण होतं! तिथल्या गोऱ्या वस्तीच्या बागा इंग्लंडची नक्कल करण्यात आणि हिरवळीला पाणी पाजण्यात दंग. देशी झाडं लावणाऱ्यांची संस्था उभी राहिली ती १९५७ मध्ये. १९६१ साली क्वीन्सलँडमध्ये कनिंगहॅम्स गॅपजवळच्या डार्गन हिलवरून एक बहुवर्षायू रोप आणलं गेलं. ठेंगणं, पसरट, मोठ्या सोनेरी फुलांचं ते ‘डार्गन हिल मोनार्क’ रोपवाटिकांत पोचलं, आणि कोरड्या बागेला घरचं फूल मिळालं.

या कुळात दुष्काळाशी वागण्याच्या दोन तऱ्हा आहेत. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या गुलाबी वर्षायू डेझी दुष्काळ सोसत नाहीत, चुकवतात: हिवाळी पावसावर उगवायचं, फुलायचं, बी टाकून मोकळं व्हायचं. झुडपी जाती मात्र खरंच तग धरतात, पण मुळं धरल्यावरच. पहिल्या उन्हाळ्यात पाणी द्यावंच लागतं. ऊन भरपूर हवं, माती निचऱ्याची. तहानेपेक्षा साचलेल्या पाण्यानंच ही झाडं जास्त मरतात. बी मातीत गाडू नये, वरच भुरभुरावं, त्याला उजेड लागतो. बहर ओसरला की छाटावं. दोन-तीन वर्षांत झुडूप खालून उघडं, लाकडी होतं; ते वाचवत बसण्यापेक्षा फाट्याचं कलम लावून नवं करणं बरं.