रंगासाठी आणला, निवडुंगाला भोवला

किरमिजी रंग देणारा कोचिनील किडा फड्या निवडुंगावर जगतो. त्याचा मक्ता स्पेनकडे होता. ईस्ट इंडिया कंपनीलाही तो हवाच होता. १७९५ साली कॅप्टन नीलसनने ब्राझीलहून कलकत्त्याला किडे आणले. निघाले रानटी जातीचे, रंग अगदीच कमी. धंदा बसला! पण आपल्याकडचा फड्याही मूळचा दक्षिण अमेरिकेतलाच, वैरी तिकडे राहिला म्हणून इथे माजलेला. किड्यांनी त्याचा रस शोषून उत्तर आणि मध्य भारतात मोठाली रानं मोकळी केली. हे पाहून १८३६ ते १८३८ मध्ये ते मुद्दाम दक्षिणेत सोडले. तिथे फड्याची दुसरीही एक जात होती. ती मात्र या किड्याला रुचेना. तिच्यासाठी १९२६ साली श्रीलंकेहून निराळा कोचिनील आणावा लागला.