मायक्रोवेव्ह लहरी जिरवणारा कार्बन: हे नेमकं काय असतं?

अंबड एमआयडीसीतल्या एखाद्या पत्र्याच्या शेडमध्ये शिरलात की मोबाईलची रेंज पटकन कमी होते. मोबाईल, वाय-फाय, रडार हे सगळे मायक्रोवेव्ह लहरींवर चालतात आणि धातूचा पत्रा त्या लहरी आरशासारख्या परत फेकतो. म्हणजे लहर संपत नाही, फक्त दुसरीकडे जाते.

मग शोषण कशाला हवं?

नाशिकजवळच्या ओझरला एचएएलच्या कारखान्यात सुखोई-३० एमकेआय विमानं तयार झाली. लढाऊ विमानावर आपटून परत गेलेली लहर शत्रूच्या रडारला विमानाचा पत्ता सांगते. तिथे लहर परत न पाठवता जिरवावी लागते, म्हणजे तिची उष्णता करावी लागते.

कार्बनच का?

या कामासाठी फेराइट जुनं, पण जड. कार्बन नॅनोट्यूब आणि ग्राफीन हलके असतात, गंजत नाहीत. लहर आली की त्यांच्यातले इलेक्ट्रॉन हलतात आणि विरोधामुळे ऊर्जेची उष्णता होते.

डिझाइन कसं करतात?

* लहर आत येऊ द्या: हवेचा इम्पीडन्स सुमारे ३७७ ओहम असतो. थराचा त्याच्याशी मेळ हवा. कार्बन जास्त झाला तर थर धातूसारखाच वागतो आणि लहर बाहेरूनच परतते. म्हणून इपॉक्सीत थोडाच कार्बन मिसळतात किंवा स्पंजसारखी सच्छिद्र रचना करतात.
* आत जिरवा: फेराइटचे बारीक कण मिसळले की चुंबकीय मार्गानेही ऊर्जा खर्च होते.
* जाडी जुळवा: १० गिगाहर्ट्झला हवेतली तरंगलांबी ३ सेंमी असते. थरातली जाडी त्यातल्या लहरीच्या पाव लांबीइतकी ठेवली की वरून आणि तळाच्या धातूवरून परतणाऱ्या लहरी एकमेकींना मारतात.

धातूवर लावलेल्या थराचा आकडा उणे १० डेसिबल असेल तर ९० टक्के ऊर्जा जिरली, उणे २० असेल तर ९९ टक्के.

मग ‘अँटी-रेडिएशन’ स्टिकर घ्यायचं का?

नको. मोबाईलला टॉवरशी बोलायला याच लहरी लागतात. स्टिकरने त्या खरंच अडवल्या, तर फोन जास्त पॉवर वापरेल आणि बॅटरी लवकर उतरेल. अडवल्या नाहीत, तर पैसे वाया. त्यापेक्षा *#०७# डायल करून बघा, बऱ्याच फोनमध्ये एसएआर आकडा दिसतो. भारतात त्याची मर्यादा १.६ वॅट प्रति किलो आहे.