तिसरा महिना: पोटातलं कळायला लागलं त्याची गोष्ट

लोकलमध्ये लटकत, जिममध्ये पळत, नाहीतर भांडी घासता घासता ऐकणाऱ्या सगळ्यांचं स्वागत. ज्यांना वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हा भाग नेहमीसारखा लिहूनही ठेवतेय.

आज लढाई नाही, किल्ला नाही. आजचा विषय आहे गरोदरपणाचा तिसरा महिना. कारण खासगी आहे: मला बारावा आठवडा चालू आहे. मळमळ जरा कमी झालीय, पण फोडणीचा वास आला की अजूनही खिडकी गाठते. पोट दिसत नाही. टीममध्ये कुणाला माहीत नाही. सासूबाई म्हणतात, "तीन महिने होऊ देत गं, मग सांग सगळ्यांना." मी कोड लिहिणारी बाई, कुठलाही नियम दिसला की तो कुणी आणि का लिहिला हे शोधायची सवय. म्हणून हा एपिसोड.

आधी नियमामागचं शरीर. आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. दहाव्या आठवड्याच्या आसपास वार, म्हणजे प्लासेंटा, हार्मोन्सचं काम आपल्या हातात घेते. बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत बऱ्याच जणींची मळमळ ओसरायला लागते. आणि आपोआप होणाऱ्या गर्भपातांपैकी बहुतेक याच्या आधी होऊन गेलेले असतात. त्यातल्या साधारण निम्म्यांचं कारण गुणसूत्रांमधला बिघाड. म्हणजे बाईने जिना चढला, पपई खाल्ली, ऑफिसला गेली, म्हणून नव्हे. तेव्हा तीन महिन्यांची रेघ हवेतली नाही.

पण पूर्वी हे तीन महिने मोजायचे कसे? पाळी चुकणं हा पक्का पुरावा नव्हता. आजारपण, उपासमार, अंगावर पाजणं, कशानेही पाळी चुकते. खरी खात्री पोटात हालचाल जाणवली की व्हायची, आणि पहिलटकरणीला ती साधारण अठराव्या-विसाव्या आठवड्यात जाणवते. म्हणजे बातमी सगळ्यात आधी बाईला, आतून कळायची. सुश्रुतसंहितेत चौथ्या महिन्यातल्या बाईला दोन हृदयांची म्हटलंय, म्हणून तिच्या इच्छा पुरवायच्या. आपला 'डोहाळे' हा शब्द संस्कृत 'दोहद'वरून आला. किती गोड, नाही? पण गृह्यसूत्रांमध्ये तिसऱ्या महिन्यात पुंसवन नावाचा संस्कारही आहे. कशासाठी? मुलगा व्हावा म्हणून. आत काय आहे ते दिसत नव्हतं, तरी काय हवं ते ठरलेलं होतं.

आता थेट स्कॉटलंडमध्ये जाऊ. 1955. ग्लासगोमधले स्त्रीरोगतज्ज्ञ इयान डोनाल्ड ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठी घेऊन एका बॉयलर कारखान्यात पोचले. तिथे लोखंडातल्या चिरा शोधायला ध्वनिलहरींचं यंत्र वापरायचे. डोनाल्ड युद्धकाळात हवाई दलात होते, रडार त्यांना माहीत होतं. तुलनेसाठी कारखान्याने बीफचा मोठा तुकडा दिला. वेगवेगळ्या गाठींचे प्रतिध्वनी वेगवेगळे आले! पुढे टॉम ब्राऊन नावाचा, पंचविशीही न गाठलेला इंजिनिअर त्यांना येऊन मिळाला. त्याने यंत्र उभं केलं आणि 1958 मध्ये डोनाल्ड, मॅकव्हिकर आणि ब्राऊन यांचा पेपर 'लॅन्सेट'मध्ये आला. सोनोग्राफीला जाताना "पाणी पिऊन या, लघवीला जाऊ नका" सांगतात ना? भरलेल्या मूत्राशयातून सुरुवातीचा गर्भ नीट दिसतो, हेही डोनाल्ड यांच्याच टीमला 1960च्या दशकात कळलं.

1973 मध्ये ग्लासगोच्याच ह्यू रॉबिन्सन यांनी गर्भाची डोक्यापासून बुडापर्यंतची लांबी मोजून वय काढायची पद्धत मांडली. 1992 मध्ये लंडनच्या किप्रोस निकोलाइडिस यांच्या टीमने गर्भाच्या मानेमागच्या द्रवाची जाडी मोजून डाऊन सिंड्रोमची शक्यता वर्तवता येते हे दाखवलं. आज अकरा ते चौदा आठवड्यांच्या मधे जो 'एनटी स्कॅन' करतात, तो हाच. मी तो केला. साडेपाच सेंटिमीटरचा जीव, हात हलवत होता, आणि मला आत काहीच जाणवत नव्हतं. बातमी आता आधी स्क्रीनला कळते.

इथे गोष्ट आपल्या घरी येते. आत पाहता येऊ लागल्यावर आपण काय पाहिलं? 1980च्या दशकात मुंबईत गर्भलिंग चाचण्यांच्या उघड जाहिराती व्हायच्या. स्त्री संघटना आणि डॉक्टर कार्यकर्ते त्याविरुद्ध उभे राहिले, आणि 1988 मध्ये महाराष्ट्राने देशातला असा पहिला कायदा केला. केंद्राचा कायदा 1994 चा. तरी आकडे बघा: महाराष्ट्रात सहा वर्षांखालच्या दर हजार मुलग्यांमागे मुली 1991 मध्ये 946, 2001 मध्ये 913, 2011 मध्ये 894. पुंसवनाची इच्छा तीच, हातात फक्त यंत्र आलं. म्हणून आज प्रत्येक गरोदर बाईच्या सोनोग्राफीआधी 'एफ फॉर्म' भरतात: आधीची मुलं किती, मुलगे किती, मुली किती, आणि "मला लिंग जाणून घ्यायचं नाही" यावर सही. सही करताना मला राग आला नाही. ते 894 आठवले.

आणि गुपिताचं काय? रेघ निसर्गाने आखली, पण तिच्या आत गप्प बसायचं हे माणसांनी ठरवलं. बाळ राहिलं नाही तर लोकांचे प्रश्न नकोत, ही त्यातली माया मला कळते. पण त्याच गुपितामुळे ज्या बाईचा गर्भ दहाव्या आठवड्यात पडतो, ती सोमवारी लॅपटॉप उघडून मीटिंगला बसते. कायद्यात गर्भपातानंतर सहा आठवड्यांच्या पगारी रजेची तरतूद आहे. बातमीच कुणाला नसेल, तर ती रजा मागणार कशी?

सांगायचं की नाही, हे जिचं पोट तिने ठरवावं. तुमच्या मैत्रिणीने तीन महिन्यांआधी सांगितलं, तर "एवढ्यात कशाला?" म्हणू नका. आणि काही विपरीत झालं, तर तिला या रजेबद्दल नक्की सांगा.

भाग आवडला तर मित्रमैत्रिणींना पाठवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये, काळजी घ्या!